विजयदुर्ग कोणाचा?

(सावंतवाडी तालुक्यातील एका खेड्यातील शिक्षकाकडून)

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेण्यात आले. त्यांतील ११ महाराष्ट्रातले व एक, जिंजी, तामिळनाडूतला. अकरांपैकी दोन आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला आले: मालवणचा सिंधुदुर्ग आणि देवगड तालुक्यातील विजयदुर्ग. ही बातमी ऐकून आनंद कोणास होणार नाही? आम्हासही झाला. परंतु आनंदाच्या भरात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो, आणि तो विचारण्याचे काम आपल्या शेतकरी-कारागीर वर्गाने केले नाही तर दुसरा कोणीही करणार नाही. प्रश्न असा की, हा वारसा म्हणतात तो कोणाचा? वारसा म्हटला की वारस आले. विजयदुर्गाचे वारस कोण?

शाळेत मुलांना विचारावे, किल्ला कोणी बांधला? मुले एका सुरात राजाचे नाव सांगतात. चूक मुलांची नव्हे. पुस्तकातच तसे लिहिले आहे, आणि आम्ही मास्तर लोक तेच घोकून घेतो. पण शेतकऱ्याच्या पोरास एवढे तरी कळावयास हवे की, घर मालक बांधतो म्हणजे मालक चिरे वाहत नाही. मालकाने हुकूम केला, पैसा दिला, कधी दिलाही नाही. भिंत उभी केली ती गवंड्याने. मग घराच्या गोष्टीत जे आपणास उघड दिसते, तेच किल्ल्याच्या गोष्टीत का दिसू नये?

आता विजयदुर्गाची हकिकत क्रमाने पाहू. वाघोटण नदी जेथे समुद्रास मिळते, त्या मुखावर हा किल्ला उभा आहे. याच खाडीने आत गेले की खारेपाटण लागते. तेथील शके ९३० म्हणजे इ. स. १००८ चा शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. म्हणजे ही खाडी हजार वर्षांपूर्वीही नांदती होती. खाडीचे तोंड ज्याच्या हाती, त्याच्या हाती आतल्या मालाची नाडी. कोल्हापूरचा शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे किल्ला बांधला अशी परंपरा आहे. पुढे यादव आले, बहामनी आले, विजापूरची आदिलशाही आली. जवळच गिर्ये गाव, म्हणून किल्ल्यास घेरिया म्हणत. १६५३ साली शिवाजी महाराजांनी तो घेतला असे सांगतात. त्यांनी नाव विजयदुर्ग ठेविले, तट वाढवून तिहेरी केला आणि आरमाराचे ठाणे केले. मग आंग्रे, मग पेशवे व त्यांचे धुळप, मग १८१८ साली कंपनी सरकार, पुढे राणीचे सरकार, आणि आज भारत सरकारचे पुरातत्त्व खाते. मालक बदलले, नाव बदलले, निशाण बदलले, कामही बदलले. प्रथम खाडीवरची चौकी, मग आरमाराची आई, मग परक्याची कोठी, मग आकाश पाहण्याची जागा, आता प्रवाशांचे पाहण्याचे ठिकाण.

या सर्व उलथापालथीत एक गोष्ट मात्र बदलली नाही. जांभ्याचा चिरा खाणीतून काढणारा पाथरवट तोच. शिंपल्या भाजून चुना पाडणारा, तो मळणारा, डोक्यावरून वाहणारा तोच. पहारीस धार देणारा लोहार, गलबताच्या फळ्या जोडणारा सुतार, काथ्याचा दोर वळणारी त्याची बायको, शीड ओढणारा गाबीत, भंडारी, कोळी, दालदी, आणि गावोगावचा वेठीस धरून आणलेला महार तोच. भोजाच्या वेळी हेच लोक, विजापूरच्या वेळी हेच, महाराजांच्या वेळी हेच. राजे आयत्या बिळात नागोबा होऊन बसले आणि गेले. बीळ खणणारे येथेच राहिले, आजही येथेच आहेत.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही महाराजांसही नागोबात काढता काय? नाही. सर्व राजांस एका दावणीस बांधणे हे अडाणीपणाचे आहे. राजा पारखावयाचा तो एका कसोटीवर: किल्ला चालविताना त्याने रयतेचे काय केले? महाराजांच्या पश्चात अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी जे आज्ञापत्र लिहिले, त्यात आरमाराच्या प्रकरणात एक कलम आहे ते प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानी धरावे. आंबा आणि फणस यांचे लाकूड गलबतास चांगले, तरी ती झाडे तोडू नयेत. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरासारखी वाढविलेली असतात. झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. हा त्या कलमाचा भावार्थ. लिहिणारा अमात्य ब्राह्मण होता, हेही आम्ही मुद्दाम सांगतो. सत्याला जात नसते, आणि जेथे रयतेचे हित लिहिले आहे तेथे लिहिणाऱ्याचे नाव घेण्यास आमची जीभ अडत नाही. ज्या राज्यात गलबताच्या लाकडापेक्षा कुणब्याच्या फणसाची किंमत जास्त धरली जावी असा विचार उत्पन्न झाला, त्या राज्याचा अभिमान आम्हास का नसावा? अभिमान आहे तो या कलमाचा. नुसत्या तलवारीच्या खणखणाटाचा नव्हे.

आता विजयदुर्गाच्या इतिहासातले जे पान झाकून ठेवण्याकडे पुष्कळांचा कल असतो, ते उघडू. कान्होजी आंग्रे यांच्या काळात इंग्रजांनी १७१७ व १७२० साली आणि डचांनी १७२४ साली या किल्ल्यावर चाल केली. तिघांनाही हात हलवीत परत जावे लागले. असा हा किल्ला १७५६ च्या फेब्रुवारीत दोन दिवसांत पडला. पाडला कोणी? समुद्रातून इंग्रजांच्या ॲडमिरल वॉटसनची जहाजे, त्यांबरोबर कर्नल क्लाइव्हची पलटण, आणि जमिनीवरून पेशवे बाळाजी बाजीराव यांची फौज. तुळाजी आंग्रे पेशव्यांचे ऐकत नव्हता, म्हणून पेशव्यांनी त्यास मोडण्यासाठी इंग्रजांस हाक मारली. वॉटसनच्या तोफांची आग आंग्र्यांच्या जहाजांस लागली आणि खाडीत उभे असलेले सबंध आरमार जळून गेले. किल्ल्यातली सुमारे १० लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांस त्यातली कवडी दिली नाही. वाटणी कशी करावयाची हे त्यांनी मुंबई सोडण्यापूर्वीच ठरविले होते. किल्लाही सोडीनात. शेवटी त्याच वर्षी ऑक्टोबरात तह होऊन बाणकोट व त्याभोवतीची गावे दिली, तेव्हा कोठे विजयदुर्ग पेशव्यांच्या हाती आला. तुळाजीने उरलेले आयुष्य कैदेत काढले. आणि तेच वॉटसन-क्लाइव्ह पुढे बंगालकडे वळले. १७५७ साली प्लासी झाली, हे शाळेतले पोरही जाणते.

याचा अर्थ काय? शेजाऱ्याचे भांडण मोडावयास चोरास घरात बोलाविले. भांडण मोडले आणि घरही गेले. पेशव्यांच्या मुत्सद्देगिरीची स्तोत्रे गाणाऱ्यांनी या एका हिशेबाचे उत्तर द्यावे.

परंतु केवळ पेशव्यांस शिव्या देऊन हात झटकावे, अशी आमची बुद्धी नाही. आमच्या वाडीच्या सावंतांनी काय केले तेही सांगितले पाहिजे. १७३० साली फोंड सावंतांनी इंग्रजांशी तह केला, तो याच आंग्र्यांविरुद्ध. सावंत तर आपल्यातले, भोसले! आणि तुळाजी आंग्रे काय साधू होता? त्याच्या गलबतांनी परक्यांबरोबर आपल्या किनाऱ्यावरचे तांडेही लुटले. तात्पर्य, गादीचे भांडण लागले की जात, धर्म, देश यांतले काहीही राजास आठवत नाही. म्हणून आम्ही जातीचा राजा म्हणून कोणाच्या पालखीस खांदा देत नाही. १७५६ च्या त्या आगीत ज्यांची गलबते जळाली, ज्यांचे बाप-भाऊ खाडीत गेले, ते कोण होते? ते आंग्रे नव्हते, पेशवे नव्हते, सावंत नव्हते. ते किनाऱ्यावरच्या झोपड्यांतले खलाशी, तांडेल आणि गोलंदाज होते. त्यांची नावे कोणत्या बखरीत आहेत, दाखवा!

पेशव्यांच्या अमलात विजयदुर्गास आरमाराचा सुभा राहिला आणि धुळप घराणे सरदार झाले. १७८३ साली आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ नावाचे जहाज लढून धरले. ते शौर्य खरेच. किल्ल्यापासून कोसभर आत, खाडीच्या काठी आरमाराची जुनी गोदी आहे. सुमारे साडेतीनशे फूट लांब. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत आत घ्यावे आणि ओहोटीस ते कोरडे उभे करून दुरुस्त करावे, अशी तिची योजना. समुद्राच्या भरती-ओहोटीस आपल्या चाकरीस लावणारी ती विद्या कोणत्या पाठशाळेत शिकविली जात होती? ती पोथीत नव्हती. ती सुताराच्या किकऱ्यात आणि खारव्याच्या डोळ्यांत होती. जी विद्या पोथीत नाही तिला विद्या म्हणावयाचेच नाही, अशी या देशाची जुनी खोड. म्हणूनच गोदी बांधणारा ‘अडाणी’ ठरला आणि गोदीचा हिशेब लिहिणारा ‘विद्वान’ ठरला.

१८१८ साली कंपनीचे राज्य झाले. किल्ल्यांचा उपयोग संपला. तोफा गप्प झाल्या म्हणून शांतता झाली असे पुस्तकात लिहितात. पण ज्यांची चूल किल्ल्याच्या चाकरीवर पेटत होती त्यांचे काय झाले, हे पुस्तकात नाही. ते पाहावयास दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच मुलखात, सह्याद्रीच्या पायथ्याशी मनोहरगड आहे. गडावर पिढ्यान्‌पिढ्या शिबंदी करणारे ते गडकरी. चाकरीबद्दल त्यांच्याकडे जमिनी होत्या. कोल्हापूरच्या मुलखात कारभार बदलून या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली जाऊ लागल्या, तेव्हा १८४४ साली सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. ती आग घाटाखाली आमच्या वाडी संस्थानात उतरली आणि मनोहरगडचे गडकरीही उठले. १८४५ साली इंग्रजांच्या पलटणींनी ते बंड मोडले. या लोकांस इतिहासात ‘बंडखोर’ म्हटले आहे. अहो, ज्याच्या हातची कोयती आणि पायाखालची जमीन एकदमच काढून घेतली, तो काय आरती करीत बसेल? किल्ल्याचा उपयोग बदलतो म्हणजे नुसत्या दगडांचे काम बदलत नाही. माणसांच्या तोंडचा घास बदलतो. हे ज्यास कळले नाही त्यास किल्ल्याचा इतिहास कळला नाही.

यानंतरचा विजयदुर्गाचा उपयोग मोठा नवलाचा. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. ते पाहण्यासाठी विलायतेहून नॉर्मन लॉकियर हे शास्त्रज्ञ आले आणि त्यांनी विजयदुर्ग किल्ल्यात तळ दिला. त्यांची यंत्रे बसविण्यासाठी जे चौथरे झाले त्यांस लोक ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. येथपर्यंत सर्व खरे. पण त्या ओट्यांवर कोणीतरी एक कथा बांधली, आणि ती भाषणांतून व वर्तमानपत्रांतून इतकी वाढली की, १८ ऑगस्टला तेथे हेलियमचा दिवस पाळला जातो. कथा अशी की, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम वायूचा शोध लावला.

वाचकहो, हे खरे नाही. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण हिंदुस्थानात दिसले हे खरे, पण त्या दिवशी सूर्याचा प्रकाश फोडून पाहणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन हे आंध्रातील गुंटूर येथे होते. लॉकियर तर त्या वेळी इंग्लंडातच होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, घरच्या दुर्बिणीतून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. त्यांतील पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ठाऊक पदार्थाशी जुळेना, तेव्हा तो नवा पदार्थ असावा असे अनुमान निघाले व त्यास हेलियम नाव पडले. पृथ्वीवर तो वायू रॅम्से यांच्या हाती लागला १८९५ साली. म्हणजे लॉकियर विजयदुर्गास आले तेव्हा शोध लागून तीस वर्षे होत आली होती.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीने काय बिघडते? मुलांस विज्ञानाची गोडी लागते ना? बिघडते ते असे. खोट्याने लागलेली गोडी खोट्याचीच असते. आणि दुसरे याहून मोठे. ज्या किल्ल्यात आपल्या पाथरवटाची, सुताराची, खलाशाची इतकी विद्या दगडात उघडी पडली आहे, तेथे आपणास अभिमानासाठी साहेबाची उसनी गोष्ट का लागावी? भटजीने सांगितले म्हणून मानले, ती सवय सुटते न सुटते तोच साहेबाने केले म्हणून मानतो. मानण्याची खोड तीच, फक्त गुरू बदलला. आमच्या थोरांनी ‘सत्य शोधा’ म्हणून सांगितले ते हे नव्हे. १८९८ ची खरी गोष्ट काय कमी गोड आहे? सूर्य पाहावयास सातासमुद्रापलीकडून माणसे आपल्या गावी आली, हेच मुलांस सांगा. ते खरे आहे, आणि पुरेसे आहे.

आता आजचे पाहू. किल्ल्याचा सध्याचा उपयोग म्हणजे दर्शन. पाहुणे येतात, पाहतात, जातात. यात वाईट काही नाही. पण दर्शनाच्या काळात देखाव्यास महत्त्व येते आणि कामाचे महत्त्व जाते. मालवणास राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा मोठ्या थाटाने उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. पुरते नऊ महिनेही तो उभा राहिला नाही. पुढे २०२५ साली तेथे नवा पुतळा झाला. जुन्याचा दोष कोणाचा तो न्यायालय ठरवील. आम्हास दिसते ते एवढेच की, त्याच जागेवरून समोर समुद्रात १६६४ साली आरंभलेला सिंधुदुर्गाचा तट दिसतो. साडेतीनशेहून अधिक पावसाळे त्याने अंगावर घेतले. एकीकडे महाराजांच्या माणसांनी समुद्रात केलेले काम, दुसरीकडे महाराजांच्या नावाने जमिनीवर केलेला देखावा. यावर आणखी टीका करण्याची गरज आहे काय? विजयदुर्गाचा तटही २०२० च्या पावसाळ्यात ढासळला होता. जागतिक यादीत नाव चढल्याने चिरा जागेवर बसत नाही. तो बसवावा लागतो, आणि बसविणारा हात शिकलेला असावा लागतो.

सबब आमचे मागणे येणेप्रमाणे आहे. पहिले, किल्ल्याच्या दुरुस्तीस जांभा व चुना यांचेच काम जाणणारे आपल्या भागातील गवंडी-पाथरवट लावावेत, त्यांस पुरी मजुरी द्यावी, आणि कामाचा खर्च दरवाजापाशी मराठीत सर्वांस वाचता येईल असा लिहून लावावा. दुसरे, पाहुण्यांपासून जे उत्पन्न होईल त्यात विजयदुर्ग, गिर्ये, रामेश्वर येथल्या माणसांचा पहिला हक्क असावा. होडी त्यांची, खाणावळ त्यांची, वाटाड्या त्यांचा. मोठ्या शहरातला मक्तेदार येऊन बसला की आपली पोरे स्वतःच्या किल्ल्याच्या दारात त्याची भांडी घासतील. तिसरे, जेथे जेथे राजांची नावे सांगितली जातात, तेथे तेथे बांधणाऱ्या व राखणाऱ्या कामकरी लोकांचाही उल्लेख व्हावा. त्यांची नावे सापडत नसतील तर निदान त्यांचे धंदे लिहावेत: पाथरवट, लोहार, सुतार, खलाशी.

आणि चौथे मागणे सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. शेतकरी, कारागीर बंधुभगिनींनो, तुमच्या माळ्यावर जुन्या पेटीत बाड असेल. मोडीत लिहिलेले, वाळवीने खाल्लेले, कोणास वाचता न येणारे. ते रद्दीत घालू नका, चुलीत घालू नका. मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, त्याच्या नकला करा. त्यात कदाचित तुमच्या खापरपणज्याची चाकरी असेल, गडावरची नेमणूक असेल, जमिनीचा कागद असेल. आपला इतिहास दुसऱ्याने लिहिला म्हणून आपण रडतो, आणि आपलाच कागद आपण बंबात घालतो! आपल्याच किनाऱ्यावरच्या केळूसचे कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र मराठीत लिहिले. ते काम खेड्यातून आलेल्या एका शिक्षकाने केले. मग प्रत्येक गावचा एकेक कागद वाचण्याचे काम आपल्याने का होऊ नये?

कोणी आम्हावर आरोप करील की, हे लोक आनंदाच्या दिवशी जातीचे विष कालवितात. त्यांस आमचे उत्तर सरळ आहे. आम्ही कोणाचे नाव पुसावयास निघालो नाही. भोजाचे राहू द्या, महाराजांचे तर राहणारच, आंग्र्यांचे, धुळपांचे, लॉकियरचेही राहू द्या. पेशव्यांचेही राहू द्या, मात्र १७५६ च्या सालासह. आम्ही फक्त यादी पुरी करा म्हणतो. अर्ध्या यादीस जो इतिहास म्हणतो, भेद तो करतो. यादी पुरी मागणारा भेद करीत नाही.

येत्या सुट्टीत मुलांस घेऊन विजयदुर्गास जा. तटावर चढण्यापूर्वी तटाखाली उभे राहा. एका चिऱ्यास हात लावा आणि मुलास विचारा, हा किती जणांनी उचलला असेल? मग राजाचे नाव सांगा. क्रम एवढा बदलला तरी पुष्कळ झाले.

— एक खेड्यातील मास्तर